रस्त्याकडची बाजू

—आणि कौलाच्या मधोमध पाय देऊ नका, म्हटलं ना मघाशी! एक कौल दुसऱ्यावर चढतं, तिथे द्या. हो हो, तुम्हाला माहीत असेलच, तुमचा धंदाच तो. मागच्या वेळी जो आला होता ना, त्यालाही सगळं माहीत होतं — शेवाळ खरवडून गेला आणि दुसऱ्या दिवशी परत हजर, ‘आजी, कौलं फुटलीत, बदलून देऊ का?’ फोडली कोणी? म्हणे मांजरीनं! म्हणून बसलेय मी इथे अंगणात. तुम्ही खाली टाकलेला एकेक गठ्ठा उलटा करून बघतेय, कौलाचा कपचा चिकटून आलाय का ते. राग मानू नका — मानलात तरी चालेल. ब्रश तारेचा नाही ना? दाखवा. उतरू नका हो, तिथूनच दाखवा. हं, ठीक आहे.

मुलानं पाठवलंय म्हणालात म्हणून फाटक उघडलं, नाहीतर मी कोणाला दारात उभं करत नाही. एका फोनवर माणूस पाठवला त्यानं! शेजारीण म्हणते, मुलं विसरतात. सकाळी तिला मुद्दाम हाक मारून तुमची शिडी दाखवली. मागच्या खोलीत गळतं ना, माझ्या. फार नाही — टिपकतं. म्हणजे पलंग सरकवलाय मी. सरकवत सरकवत दाराला टेकला, मग दार उघडेना, म्हणून हल्ली स्वयंपाकघरात झोपते. त्याला नाही सांगितलं हे, उगाच जिवाला घोर. तुम्हीही बोलू नका.

पण मी काय म्हणते, सकाळपासून तुम्ही पुढेच कसे? शेवाळ खरं मागे आहे. झाडाची सावली, ऊन नाही, गादीसारखं माजलंय, पन्हळ तुंबून पाणी उलटं आत येतं. इथे पुढे आहे काय, नुसता हिरवा रंग! सोपं सोपं उरकायचं आणि अंधार पडला की ‘उद्या येतो आजी’ — ओळखून आहे मी. काय? मोठ्यानं बोला... एवढंच सांगितलंय? कोणी? — अहो, काहीतरीच. गळतं मागे, तो पुढचं कशाला सांगेल? तुम्हीच विसरला असाल. नाहीतर पैसे दोन्ही बाजूंचे घेतलेत आणि मला बनवताय... फाटकालाही रंग? उद्या? फाटकाला काय धाड भरलीय?

थांबा. जरा थांबवा तो ब्रश, खरखर ऐकवत नाही.

मागच्या महिन्यात आला होता तो. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पावलं मोजत चालत होता. मला वाटलं, लहानपण आठवतंय — दारात उभी राहून हसत होते मी, वेडी! ‘आई, सामान फार झालंय, घर जरा मोकळं कर.’ केलं की. ह्यांचं टेबल दिलं, कपाट दिलं, आपल्या हातानं दिलं, त्याला बरं वाटेल म्हणून. आणि तुमच्यावर नजर ठेवून बसलेय इथे!... नाही, घर माझ्या नावावर आहे. मला विचारल्याशिवाय विकता यायचं नाही त्याला. पण तो विचारेल ना, दादा. तोंडभरून ‘आई’ म्हणून विचारेल. आणि त्याला नाही म्हणायचं मला आजवर जमलेलंच नाही, तीच तर भानगड आहे.

फोन वाजतोय तुमचा. त्याचाच? मला नाही केला सकाळपासून. काय म्हणतोय — फोटो? समोरून? काढतो म्हणावं. ठेवा फोन. उतरा खाली, सावकाश. फाटकापाशी जा, तिथून अख्खं घर येतं. थांबा हो, मला दारात उभी राहू दे. अशी. पदर नीट आहे? हं, बघा आता. नाही, बाजूला होणार नाही. दार झाकलं जातंय तर जाऊ दे झाकलं. चेहरा मात्र स्वच्छ यायला हवा. हसू बिसू काही नाही, काढा... बघू. दिसतेय. पाठवा त्याला. पाठवलात?

मग उभे काय राहिलात? शिडी उचला आणि मागे लावा.