आता मी!

—तसं नाही म्हणत मी, डेलबर्ट गिटार बरी वाजवायचा, कोण नाही म्हणतंय — मान सरळ ठेवा साहेब, वस्तरा आहे — पण आमचा 'सॉमिल फाइव्ह' बँड म्हणजे एकटा डेलबर्ट ऑस्ट्रम, हे तुमच्या संग्रहालयाला सांगितलं कुणी? त्यानंच, दुसरं कोण! टॅकोमाच्या स्केटिंग हॉलमध्ये पोरंपोरी नाचायची ती कशावर? माझ्या सॅक्सोफोनवर. आमच्यात गाणारा नव्हताच, शब्द नाहीत, काही नाही — मग गाणाऱ्याच्या जागी कोण? हा हॅरॉल्ड टिबेट, दुसरं कोण! गिटार आपली मागं खुळखुळायची.

आणि आमची ती तबकडी — अख्ख्या तबकडीत माणसाचा आवाज एकच, माझा. तुम्हीही ओरडला असाल कॉलेजात, "आता मी!" — लग्नात ओरडतात, मॅचला ओरडतात. लोकांना वाटतं, काय खुशीत ओरडलाय गडी! खुशी? अहो, ठरलं होतं, चालीच्या दोन फेऱ्या गिटार, मग सॅक्सोफोन. माझी फेरी आली, मी छातीत श्वास भरला, आणि हा पठ्ठ्या थांबायलाच तयार नाही! म्हणून ओरडलो — आता मी! तरी थांबला नाही. आयत्या बिळावर नागोबा! रेकॉर्डिंगवाला म्हणाला, झकास, असंच राहू द्या. राहिलं. तबकडी गाजली, मग काय, ज्याच्या त्याच्या बँडात गिटार पुढं, सॅक्सोफोन कोपऱ्यात — आणि मी इथं, लोकांच्या दाढ्या करतोय.

जळतो मी? हो, जळतो! रेडिओवर ती तबकडी लागली की बंद करतो. म्हणजे — माझं ओरडणं होईपर्यंत ऐकतो, मग बंद. हसू नका, कापेल.

काय म्हणालात? संग्रहालयाच्या शनिवारच्या सोहळ्यात त्या फेरीला डेलबर्ट थांबणार? स्वतःहून? माझ्यासाठी? — म्हातारपणी सुचलं होय! नाही येत म्हणावं. सॅक्सोफोनला हात लावून जमाना झाला, कुठल्या कोपऱ्यात धूळ खात पडलाय कुणास ठाऊक — अं? त्या ग्लासात? कंगवा असेल... बरं, नाही कंगवा. सॅक्सोफोनच्या तोंडाला लावायची वेताची पत्ती आहे. भिजवावी लागते, कोरडी वाजत नाही. सवय हो, दुसरं काय! रोज सकाळी, दुकान उघडायच्या आधी जरा... उठा आता, झाली दाढी, गिऱ्हाइकं खोळंबलीत.

कुठंय गिऱ्हाईक? येईल की! जा तुम्ही — आणि त्याला बजावून सांगा, दोनच फेऱ्या. दोन!