रविवारची ऑनलाइन हाउजी

अरे, सानपाड्याला आमच्या सोसायटीतल्या ज्येष्ठांसाठी मी ऑनलाइन हाउजी घेते ना, तिथलंच सांगते. सगळ्यांनी कॅमेरा चालू ठेवायचा हा माझा नियम, नाहीतर खेळ रंगत नाही. त्या रविवारी एकटे राहणारे देशमुखकाका प्रत्येक आकड्यावर कोट्या करत होते. त्यांची मुलगी अदितीही पुण्याहून खेळत होती.

मधेच धप्पकन आवाज झाला आणि काकांच्या चौकटीत नुसतं छत दिसायला लागलं.

"काका, फोन पडला का?" मी दोन-तीनदा विचारलं.

अदिती ओरडली, "बाबा! कोणीतरी जा ना तिकडे!"

काकांच्या शेजारच्या पाटीलकाकू खेळातच होत्या. "चावी माझ्याकडं हाय, मी चालले!" म्हणत त्या धावल्या. मग काकांच्या फोनमधून दार उघडल्याचा आवाज आला.

"अदिती, बाबा पडलेत, पण शुद्धीवर हायत! अँब्युलन्स बोलवा कोनीतरी!"

मी लगेच फोन लावला. तोवर काकूंनी काकांच्या कानाशी मोबाइल धरला. अदिती रडत बोलत होती, काका नुसतं "हं" म्हणत होते.

काका आता बरे आहेत. पण त्या दिवशी अँब्युलन्स येईपर्यंत आमच्यातल्या एकानेही कॉल सोडला नाही.