माशांचं विरजण

मी मूळची लोहगडवाडीची, गडाच्या पार पायथ्याची. तितं आमच्या आयची टपरी होती, गडावर येणाऱ्या पोरापोरींना पिठलं-भाकरी न् ताक द्यायची, रोज दोन मडकी दही लागायचं, न् विरजण नासलं की मलाच पिटाळायची, जा शेजारच्या काकीकडनं वाटीभर घिऊन ये म्हणायची. शाळा चौथीपतुर, मग लगीन, वराळ्यात दिली. मालक कंपनीत हायेत, पोरगी शिकती, न् मी बारा वर्सं झाली तळेगावात लहान पोरांच्या दवाखान्यात साफसफाई करते. समदे मावशीच म्हणत्यात.

आमच्या डॉक्टर, मॅडम म्हणतो आमी, लय शिस्तीच्या. पर पोरं सुईला भित्यात म्हणून त्यांनी भाईर बसायच्या जागंत सहा फुटाची काचंची टाकी ठेवलीय, सोनेरी मासे, त्यातला एक तर माज्या तळहाताएवढा, पोरं त्याला आजोबा म्हणत्यात. किती का रडतं पोर असंना, आजोबा काचंपाशी आला का गप. टाकीखाली कपाटात गाळणीचा डबा हाय, पंपानं पाणी त्यात येतं, स्पंजातनं गाळून परत वर जातं. तो स्पंज काळाकुट्ट, हात लावला की गिळगिळीत, मला बघवायचाच न्हाई. काय सांगू तुमाला, घाण दिसली की मला चैनच पडत न्हाई, सासू म्हणायची ही पेटती चूल पण धुवील.

तर मागल्या साली घट बसायच्या आदी, म्हंजी आमच्यात तवा घरातलं झाडून समदं धुत्यात, गोधड्या, चादरी, डबे, चिंधी सुदिक सोडत न्हाईत, तर घरचं झालं, दवाखान्याचे पडदे झाले, मग म्हनलं ह्यो स्पंज तरी कशाला पारोसा ठिवायचा. शनिवारी दुपारी बादलीत ब्लीचिंग पावडर टाकली, भिजवला, घासला, खळबळून गच्चीवर उन्हात वाळवला. निळा निघाला! इतकी वर्सं मला ठावंच नव्हतं तो निळा हाय. जागच्या जागी बसवला न् खुशीत घरी गेले.

सोमवारी येऊन बघते तर समदे मासे वर, तोंडं पाण्याभाईर काढून आ-आ करत्यात. मंगळवारी दोन मेले. आजोबा कोपऱ्यात कलंडल्यावानी. मासे न् त्यांचं खाणं लोणावळ्याच्या सलीमभाऊंच्या दुकानातनं येतं, मॅडमनी त्यांना फोन लावला न् काय झापलं, तुमचं नवं खाणं खराब निघालं, आता तुमच्याकडनं काई घेणार न्हाई. मी फरशी पुसत होते. मला तवाच आतनं कळलं का हे आपलंच काम. पर तोंड उघडंना. नोकरी गेली तर, ही एकच भीती.

दुपारी सलीमभाऊ गाडीवर आले. कपाट उघडलं, स्पंज बघितला, वास घेतला, न् माज्याकडं नुसतं बघितलं. मॅडमना म्हनले, खाणं बदलून देतो. म्हंजी बघा, त्या माणसाला समदं कळलं, तरी माजं नाव न्हाई घेतलं. मग मातर माज्याच्यानं ऱ्हावलं न्हाई. फडकं टाकलं न् म्हनलं, मॅडम, त्यांचा काई दोष न्हाई, मी धुतला, ब्लीचिंग घालून. न् रडायलाच लागले.

सलीमभाऊ म्हनले, मावशी, ती घाण नव्हती, तिच्यात बारीक जंतू असतात, मासे पाण्यात घाण करतात तिचं विष हे जंतूच खाऊन टाकतात, ते सगळे ब्लीचिंगनं मेले. मग त्यांनी अर्धं पाणी काढलं, नळाच्या पाण्यात औषध घालून ते भरलं, खाणं बंद करायला लावलं, न् दोन जिनसा म्होरं ठेवल्या. एक खोकं, त्यात चिनी मातीच्या बारक्या नळ्या, पांढऱ्याशुभ्र, कोऱ्या. न् एक पिशवी, तिच्यात त्यांच्या दुकानातल्या जुन्या टाकीतला काळा स्पंज, पाण्यासकट. त्यांना फोनवरच वहीम आलता म्हणं.

मॅडम म्हनल्या नळ्याच घाला, दवाखान्यात असली घाण नको. सलीमभाऊ म्हनले नळ्या चांगल्याच आहेत, पण त्यांच्यात जंतू धरायला महिना जाईल, तोवर मासे कुठले जगतायत. मॅडमचं मन घेईना. तवा मीच बोलले. म्हनलं, मॅडम, आमच्या आयचं विरजण नासलं की ती नवं मडकं न्हाई आणायची, काकीकडनं जुनं दही आणायची. काळा स्पंज घाला, न् त्याच्याम्होरं नळ्या, त्यांना ह्याचंच विरजण लागंल. मॅडम हसल्या, दोन्ही घालायला लावलं न् म्हनल्या, मावशी, डॉक्टर मी हाय का तुमी?

आठ-दहा दिवस रोज थोडं थोडं पाणी बदललं. एक दिवस आजोबा काचंपाशी आला न् दाणा गिळला. मी लगीच मॅडमना हाक मारली, इतकं हलकं वाटलं.

नोकरी ऱ्हायली. उलट मॅडमनी कपाटावर कागद चिकटवलाय, मावशींना विचारल्याशिवाय हात लावू नये. एकेक अक्षर लावून वाचलं मी. मग परत वाचलं. ह्या साली घटाच्या आदी समदं धुतलं, तो स्पंज तेवढा टाकीच्याच पाण्यात दोनदा पिळला, काळाच ठेवला.

न् गंमत सांगू, मागल्या म्हयन्यात सलीमभाऊंची दुकानातली मोठी टाकी बिघडली. त्यांचा फोन आला, मावशी, तुमच्याकडचं थोडं विरजण द्या. अर्धा स्पंज कापला, पिशवीत टाकीचं पाणी घातलं न् मी सोता लोणावळ्याला नेऊन दिला. देव त्यांचं भलं करो.