राजलक्ष्मीबाई वडील झाल्या

महिपतराव : हसू नकोस. चर्चच्या अख्ख्या मंडळीसमोर नाक कापलं गेलं माझं.

राजलक्ष्मी : हसतेय कुठं? पोळी करपतेय, ती बघतेय.

महिपतराव : पाळकसाहेब झाशीला चालले. महिन्यातून एकदा येणार. बाकीचे रविवार उपासना चालवायला मंडळीचा एक वडील, म्हणजे एल्डर, निवडायचा होता. मी म्हटलं, यात विचार कसला? शंभर जवान माझ्या एका हुकमावर उभे राहायचे. आणि निवडलं कुणाला? माझ्या बायकोला!

राजलक्ष्मी : मी मागितलं होतं का? सगळ्यांचे हात वर झाले तेव्हा मीच मागं वळून बघितलं, कुणासाठी म्हणून.

महिपतराव : मग नाही म्हणायचं.

राजलक्ष्मी : म्हणाले की. पाळकसाहेब ऐकतील तर ना!

महिपतराव : आपल्या संस्थानाची फौज दिल्लीनं घेतली. इथली राजधानी भोपाळनं घेतली. उरलं होतं एक चर्च, ते बायकोनं घेतलं!

राजलक्ष्मी : देवा! काय बोलावं या माणसाशी? अहो, ते कवायतीचं मैदान नाही. बिर्लानगरची पद्मा परवा तान्ह्या पोराला घेऊन धावतपळत आली, तर उशीर झाला म्हणून तिला दाराशी उभं ठेवलंत.

महिपतराव : प्रभूच्या घरात शिस्त नको?

राजलक्ष्मी : हवी. पण तिच्या घरी कधी गेलात? कुणाच्या तरी घरी गेलात?

महिपतराव : पवित्र शास्त्र तोंडपाठ आहे मला.

राजलक्ष्मी : मग उद्या हजिऱ्याला इंदुताईंकडे जा. त्यांचा मुलगा कृष्णराव सरकारी दफ्तराबरोबर भोपाळला गेला, आई इथं खाटेला खिळलेली. रोज मी जाते, उद्या तुम्ही. तेवढं करा, मग पाळकसाहेब निघायच्या आत मी त्यांना निक्षून सांगते, यांनाच घ्या.

महिपतराव : एवढंच ना? शास्त्र वाचायचं, प्रार्थना करायची. जातो.

(दुसऱ्या दिवशी संध्याकाळ. महिपतराव दारात, सदरा ओलाचिंब.)

राजलक्ष्मी : अहो, केवढा उशीर! आणि भिजलात कशानं?

महिपतराव : विचारू नकोस. शास्त्र उघडलं, तर म्हातारी म्हणते पाठ जळतेय. शेजारीण दारातून ओरडते, "बाऊजी, पहले करवट दिलाओ!" आता करवट द्यायची, म्हणजे कूस बदलून द्यायची, ती कशी, हे मला कुणी शिकवलंय?

राजलक्ष्मी : मग?

महिपतराव : दिली. ती कण्हली, तसे माझेच हात आखडले. अंथरूण भिजलेलं, ते धुतलं. मी धुतलं, मी! पेज पाजायला गेलो, तर निम्मी माझ्या अंगावर. वैताग नुसता! आणि तू हे रोज करतेस, घरी कधी बोलली नाहीस?

राजलक्ष्मी : तुम्ही कधी विचारलंत? असू द्या. मी शब्द दिलाय, उद्या पाळकसाहेबांना सांगते.

महिपतराव : काही सांगू नकोस.

राजलक्ष्मी : आता काय झालं?

महिपतराव : पाठीला मलम लावायचं राहिलंय. उद्याही मीच जातो. उपासना तू चालव.

राजलक्ष्मी : बरं बाई. प्रार्थना तरी मोठ्यानं केलीत ना? त्यांना ऐकू कमी येतं.

महिपतराव : उभा राहिलो, पण शब्दच फुटेना. शेवटी तिनंच केली. कृष्णरावासाठी, तुझ्यासाठी. मग माझ्यासाठी.

राजलक्ष्मी : आणि तुम्ही?

महिपतराव : मी आमेन म्हणालो.