चार पावलांवरचं घर

नाय नाय, मला सांगा, चंद्रावरचे खड्डे बघून मी काय करू? मला कमरुद्दीनच्या घराचा फोटो काढायचाय हो! रोह्यातलं घर, माडीचं, कौलारू, आणि समोर गल्ली किती? चार पावलं! पाचवं टाकलं की पाठ समोरच्या भिंतीला. पुढं घर, मागं भिंत, मधी मी... आणि मागं सरकायला जागा नाय!

तुम्हाला सांगतो, हे सगळं माझ्या मोबाईलनं केलं. कमरुद्दीन आणि मी धाटावच्या कंपनीत, वीस वर्षं एकाच शिफ्टला. त्याचा धाकटा भाऊ अर्शद मस्कतला. घर दोघांच्या नावावर. वासे किडलेत, पावसात माडीवर बादल्या ठेवून दमले बिचारे, पाडून नवीन बांधायचं तर अर्शदची सही पाहिजे, आणि अर्शद म्हणतो, "अब्बांचं घर हाय. आधी बघू दे कुठं मोडलंय ते." तर कमरुद्दीन मला म्हणाला, "गुणाजी, फोटो तू काढ. मी काढला तर म्हणंल लबाडी केली." म्हणजे बघा, विश्वासाचा माणूस! मी छाती फुगवून गेलो, मोबाईल वर केला, घर बसेना, म्हणून ते वाईड का काय असतं ते दाबलं... बसलं! कौलापासून पायरीपर्यंत बसलं! पाठवलं.

पाच मिनिटांत मस्कतहून फोन. "गुणाजीभाई, तुम्ही पण?"

म्हटलं, काय झालं?

"घर केळ्यासारखं वाकडं दिसतंय! भाईजाननं शिकवलं ना, वाकडं काढ म्हणून?"

अरे बाबा, मोबाईल वाकवतो, मी नाय! ऐकतोय कुठं! "सरळ काढा. पूर्ण घर, एका फोटोत. मग सहीचं बघू." ठेवला फोन. तिकडं तो फुगलेला, इकडं कमरुद्दीन माझ्याच तोंडाकडं बघतोय, आणि मला? मागं सरकायला जागा नाय!

म्हणून रविवारी गाडी पकडून पेणला गेलो, निकेशच्या कॅमेऱ्याच्या दुकानात. निकेश म्हणजे गोड माणूस. आणि गोड माणसाच्या दुकानातून बाहेर पडणं काय असतं ते तुम्हाला नाय कळायचं! "काका, बाहेर कशाला, आत या," म्हणाला, मला काउंटरच्या आत घेतलं, स्टुलावर बसवलं आणि फळी पाडली. झालं! कोंबडी डालग्यात!

"हा घ्या काका. तीसपट झूम. चंद्रावरचे खड्डे दिसतात."

म्हटलं, निकेश, घर चार पावलांवर हाय.

"मग हा. समोरचा हसला की आपोआप फोटो निघतो."

अरे, घर हसतंय कधी?

"मग हा बघा. पाण्याखाली चालतो."

घर गळतंय रे, अजून बुडालं नाय!

एक चहा झाला, दुसरा झाला, सात कॅमेरे झाले, आणि माझी गाडी गेली. उठायला जावं तर फळीवर त्याचा हात! शेवटी कंटाळून खालच्या खणातून त्यानं एक काढला. जुना, चपटा, खिशात मावणारा. "हा नाय आवडणार तुम्हाला. झूम कमी. रुंद मात्र भरपूर घेतो." दारात उभा राहून समोरच्या इमारतीवर धरला... तिन्ही मजले आत! आणि कडेचा खांब खांबासारखाच सरळ! म्हटलं, मेल्या, हा आधी का नाय दाखवलास? तर म्हणतो, "गिऱ्हाईक झूमच मागतं ना! आणि काका, मान वर करून काढू नका, भिंती माथ्याशी जवळ येतात. उंचावर जा आणि समोर सरळ धरा."

घेतला तो कॅमेरा, आलो रोह्याला आणि गेलो उंचावर. समोरच्यांच्या माडीत, खिडकीच्या गजात डोकं घालून. कॅमेऱ्यावर उभ्या-आडव्या रेघा दिसतात, त्या घराच्या भिंतीशीच जुळवल्या, श्वास धरला, काढला. डोकं मात्र गजातून निघेना! फरझानाभाभी, कमरुद्दीनची बायको, खालून ओरडतेय, "कान दाबा गुणाजीभाई, कान दाबा!"

कान लाल करून फोटो पाठवला. अर्शदचा फोन. खूश! "माशाल्ला! काय सरळ उभं हाय घर! मग पाडायचं कशाला?"

आता बोला! वाकडा काढला तर मी लबाड, सरळ काढला तर घर मजबूत! कमरुद्दीन मटकन पायरीवर बसला. मी कुठं जाणार हो... मागं सरकायला जागा नाय!

इतक्यात फरझानाभाभी वर गेली. एका दोरीला कुलूप बांधलं आणि गवंडी ओळंबा सोडतो तसं डाव्या कोपऱ्यातनं, माथ्यापासून खाली सोडलं. "आता काढा." पुन्हा वर गेलो, या खेपेला डोकं बाहेर ठेवूनच काढला. बघतो तर काय! दोरी वर भिंतीला टेकलेली, आणि खाली भिंत आणि दोरीत वीतभर फट! सगळं घर डावीकडं कललेलं, आणि वीस वर्षं तिथं चहा पिणाऱ्या मला पत्ता नाय.

फोटो गेला. फोन येईना. दुपार गेली. संध्याकाळी आला, स्पीकरवर अर्शदचा आवाज अगदी बारीक. "भाभी, त्या भिंतीखाली कोण झोपतं?"

"मी नि तुझे भाईजान. आधी, होती तवर, अम्मी झोपायची. तिनंच सांगितलेलं, भिंतीचं कळवून पोराच्या जिवाला तिकडं घोर लावू नको."

कमरुद्दीननं तोंड फिरवलं. मी कॅमेऱ्याची दोरी बोटाला गुंडाळत बसलो, दुसरं काय करणार?

"भाईजान," अर्शद म्हणाला, "कागद पाठवा. माफ करा. पण आजपासून त्या घरात कोणी झोपायचं नाय. माझी शपथ."

बरोबर हाय. पण मग झोपायचं कुठं? सगळे माझ्याकडं बघायला लागले! नदीपलीकडं अष्टमी गावात माझं घर, वरची खोली रिकामी. सामान घेऊन गेलो, तर माझ्या बायकोनं, सरूनं, दारातनंच हाक मारली, "भाभी, या गो! आपलंच घर!"

आता तीन महिने झाले. खाली सरू आणि भाभीच्या गप्पा, वर कमरुद्दीनचं घोरणं, शिफ्टलाही एकत्र, घरीही एकत्र. आणि काल सकाळी कमरुद्दीन ओट्यावर बसला, मान तिरकी केली, माझ्या घराकडं बराच वेळ बघितलं आणि म्हणतो, "गुणाजी, तुझी डावी भिंत बघितलीस का रे?"

म्हटलं, बघितली बाबा. गेल्या वर्षीच बघितली. पण तवा बघणारा मी एकटाच होतो... आता पाडावीच लागणार!