तापू दे तिला

ऐरोलीतल्या दातांच्या दवाखान्यात मोनालीचा नंबर यायला वेळ होता. शेजारच्या बाकावर एक भाऊ-बहीण बोलत बसले होते.

"क्रांती, दोन्ही ड्रम मशीन उद्यापर्यंतच ट्रायला दिल्यात. एक ठेवायची, एक परत. बोल, कुठली?"

"काळी ठेव. कधीपण चालू कर, सेम वाजते. ती जुनी अ‍ॅनालॉग गरम होईपर्यंत नुसती ढबढब करते. शोला पब्लिक थांबणारे का?"

"पण गरम झाली की पोटात घुमते."

"संघर्ष, खरं टेन्शन अण्णांचं आहे. ते लहान असतानाच आजोबांनी हलगी सोडली. गावकीचं सक्तीचं वाजवणं परत नको म्हणून. आपण नुसता डबा बडवला तरी अण्णा ओरडायचे."

"काल मी जुनी लावली, तेव्हा ते घरीच होते."

"आणि हे आत्ता सांगतोस? काय बोलले?"

"आधी पेपर वाचत होते. मी नॉब फिरवून फिरवून दमलो. मग बोलले, घाई करू नको, तापू दे तिला. हलगीपण जाळावर शेकल्याशिवाय बोलत नाही."

"अण्णा हलगीचं बोलले?"

"पहिल्यांदाच. मग पेपर बाजूला ठेवून मशीनजवळ येऊन बसले."

आतून मोनालीच्या नावाचा पुकारा झाला. ती पर्समध्ये काहीतरी शोधत राहिली.

"मग?"

"मग मशीन घुमायला लागली. खालचे ऐकतील म्हणून मी आवाज कमी केला. अण्णांनी हात लांबवून परत वाढवला."