सिद्धरामचा डबा

सोलापुरातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात मोतीबिंदूची माणसं बाकावर रांगेनं बसली होती. अपेक्षा सिस्टर एकेकाच्या डोळ्यात थेंब घालत पुढं सरकत होती. रांगेच्या टोकाला बसलेल्या धनगर म्हातारा-म्हातारीचं बोलणं तिच्या कानावर पडत होतं.

"सिद्धराम वरीसभर आपरेशनसाठी मागं लागला हुता, तवा आली न्हाईस. आता पोरगं गेल्यावर काय बघायचं ऱ्हायलंय तुला?"

"त्याचा डबा. वर आभाळात डब्याला डबा जोडून मानसांना ऱ्हायला घर करनार हायत. त्यातल्या एकाला माझा हात लागलाय, म्हनला हुता."

"त्यो वर जायाला लई दिस हायत अजून."

"आसूंद्यात की. गेला म्हंजी सांजच्याला चालत्या चांदनीवानी दिसंल, म्हनला हुता."

"चार वरसं आंधळ्यावानी काढलीस. पोराला बघावं असं न्हाय वाटलं व्हय?"

"तवा त्यो 'आये' म्हनून हाक मारायचा. आवाजावर भागायचं. डबा काय हाक मारनार न्हाय."

अपेक्षा त्यांच्यापुढं येऊन उभी राहिली.

"औषध गालावर आलंय बघ. पूस," म्हातारा म्हातारीला म्हणाला.

"अजून घातलंच न्हाय की तिनं."